डाग रुपयाएवढा, घोर मात्र घरभर

कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल चालवतो, त्यामुळं लोकांचे हात, माना, पाठी, पाय रोज बघायला लागतात. शर्टाची बाही वर करायची, कोपर काउंटरच्या काचेवर टेकवायचं आणि आवाज बारीक करून विचारायचं, “दादा, हे बघा की जरा, काय असंल?” यात कॉलेजची पोरं असतात, बँकेतले साहेब असतात, मार्केट यार्डातले लोक असतात, बायका तर मागं कोण उभं नाही ना बघून मग पदर सरकवतात. डाग म्हणाल तर रुपयाच्या नाण्याएवढा, कधी तेवढापण नाही, पण तोंड बघितलं की कळतं या माणसाची झोप उडालेली आहे.

मी औषधं विकतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण इतकी वर्षं बघून एक गोष्ट पक्की झाली की इथं दुखणी दोन असतात आणि लोक ती एकच समजतात. एक कातडीवरचा डाग आणि दुसरं म्हणजे त्या डागानं डोक्यात घातलेला धिंगाणा. डागाला डॉक्टरनं एकदा नीट बघितलं की बहुतेक वेळा विषय संपतो. धिंगाण्याचं उलटं आहे, त्याला जितकं परत परत बघाल, दाखवाल, विचाराल तितका तो वाढतो. आणि लोक नेमकं उलटं करतात, डाग डॉक्टरला दाखवत नाहीत आणि स्वतः मात्र दिवसात पन्नासदा बघतात.

आधी डागाचं बघू.

हा डाग येतो कुठनं

आपल्या कातडीच्या वरच्या थरात अगदी तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात, त्या मेलॅनिन नावाचा रंग तयार करतात आणि शेजारच्या पेशींना वाटत बसतात. कातडीवर काहीही झालं, खाजवलं, चावलं, भाजलं, घासलं, बुरशी बसली, की या पेशी एकतर जास्त रंग टाकतात नाहीतर काही दिवस काम कमी करतात. गोऱ्या लोकांना तेवढ्यापुरतं लाल दिसतं आणि जातं, आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर मात्र मूळ दुखणं गेलं तरी काळसर नाहीतर फिकट खूण महिनोन्‌महिने राहते. म्हणजे जो डाग बघून तुम्ही घाबरलाय तो कितीतरी वेळा आजार नसतोच, झालेल्या आणि बऱ्या झालेल्या गोष्टीची मागं राहिलेली खूण असते.

आता कोल्हापूरचा पाऊस घ्या. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, बनियन ओलसरच अंगात चढवायचं, वरनं रेनकोट, आत घाम. या दिवसांत पाठीवर, छातीवर, मानेवर बारीक फिकट किंवा तपकिरी ठिपके घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. ही शिबं. मॅलसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, सगळ्यांच्याच अंगावर राहते, तुमच्या, माझ्या, डॉक्टरांच्यापण, दमट हवेत आणि तेलकट कातडीवर ती जरा जास्त माजते आणि तिच्यातनं निघणारी द्रव्यं मेलॅनिन तयार व्हायला अडवतात, म्हणून डाग फिकट दिसतो. घाणीचा आणि याचा फारसा संबंध नाही. औषध साधं असतं, शांपूसारखं किंवा मलम. पण खरी गंमत पुढं आहे. औषधानं यीस्ट मरते, रंग मात्र परत यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि एवढ्या काळात माणूस “औषध लावून पण जात नाही म्हणजे नक्की दुसरंच काहीतरी हाय” म्हणून धास्ती घेतो. डॉक्टरनी हे एक वाक्य आधी सांगितलं असतं तर निम्मी काळजी तिथंच संपली असती.

लहान पोरांच्या गालावर फिकट, जरा कोरडे, कडा नीट न दिसणारे चट्टे येतात. आज्जी म्हणते जंत झाले, शेजारीण म्हणते कॅल्शियम कमी आहे, आणि पोराला दोन्हीची औषधं पाजली जातात. याला पिटिरायसिस अल्बा म्हणतात, कोरड्या आणि ॲलर्जीवाल्या कातडीच्या पोरांत जास्त दिसतो, उन्हानं आजूबाजूची कातडी रापली की उठून दिसतो आणि मोठं होता होता आपोआप जातो. साधं मॉइश्चरायझर लावायचं. जंताचं औषध जंतासाठी.

तालमीतल्या पोरांचं वेगळं. अंगाला अंग घासणार, घाम, लाल माती, एकाची लंगोट दुसऱ्यानं वापरायची, त्यामुळं गजकर्ण एकाला झालं की आठवड्यात चौघांना. कडा उठावदार लाल, मधनं साफ होत जाणारं गोल चक्कर, आणि खाज अशी की जीव नको. हा आजार खरा आहे, पसरतो, औषध पूर्ण घ्यावं लागतं, पण यानं जीव जात नाही.

आणि वस्तूंमुळं येणारे डाग, हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात कारण उत्तर माणसाच्या अंगावरच असतं. कपाळाच्या बरोबर मध्ये पांढरा ठिपका असंल तर बऱ्याचदा टिकलीच्या गोंदाचा प्रताप असतो, काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यात पॅरा टर्शरी ब्युटाइलफिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंग बनवणाऱ्या पेशींना मारतं. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर व्हीच्या आकाराचा पांढरा डाग आला तर तिथंपण रबरातलं असंच रसायन असू शकतं. कमरेला परकराच्या नाडीखाली काळा पट्टा असतो तो वर्षानुवर्षं आवळल्याचा. पट्ट्याच्या बक्कलखाली बेंबीजवळ खाजरा काळपट चट्टा म्हणजे बहुतेक निकेलची ॲलर्जी. मान काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असंल तर ती घासून जाणार नाही, घासू नका बिचारीला, रक्तातली साखर तपासून घ्या आणि वजन बघा, कारण शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की मान अशी होते.

तीन नावं, ज्यांनी झोप उडते

लोक शिबं आलीत म्हणून घाबरत नाहीत. घाबरतात ते तीन नावांना: कोड, महारोग आणि कॅन्सर.

कोडात आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेलॅनोसाइट पेशींवर उलटते. डाग फिकट नसतो, खडूसारखा पांढराफटक असतो, कडा स्पष्ट असते, बहुतेक वेळा खाज नसते, कोंडा सुटत नाही. जगात साधारण शंभरात एखाद्याला होतं. शिवल्यानं, एकत्र जेवल्यानं, एका बेडवर झोपल्यानं होत नाही. मासे खाऊन दूध प्यायल्यानं होतं याला काहीही पुरावा नाही, हे मी दुकानात सांगितलं की लोक माझ्याकडं अशा नजरेनं बघतात की जणू मी रस्सा मंडळाचा एजंट आहे. उपचार आहेत, मलमं आहेत, ठरावीक तरंगलांबीच्या अल्ट्राव्हायोलेट किरणांची फोटोथेरपी आहे, लवकर सुरू केलं तर रंग परत यायची शक्यता जास्त. कोडानं जिवाला काही होत नाही. त्रास होतो तो लोकांच्या नजरेचा.

महारोगाचा, म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सननी १८७३ साली शोधला. हा जंतू इतका आळशी की एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात, म्हणून लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. बहुसंख्य माणसांची शरीरं त्याला मुळात दादच देत नाहीत. तो बसमध्ये शेजारी बसून होत नाही, उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या जवळ दीर्घकाळ राहण्यानं होऊ शकतो. त्याच्या चट्ट्याची मोठी खूण म्हणजे फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथं स्पर्श, गरम-गार कमी कळणं. आणि बरा होतो, पूर्ण बरा होतो, बहुविध औषधोपचार प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झालं की रुग्णापासून दुसऱ्याला लागण होणं लवकरच थांबतं. भारतानं २००५ साली राष्ट्रीय पातळीवर दहा हजार लोकांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं, म्हणजे आजार संपला असं नाही, नवे रुग्ण अजून सापडतात, म्हणून तर बधिर चट्टा असंल तर लपवायचा नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर नेटवर तीळ आणि मेलॅनोमाचे, म्हणजे रंगाच्या पेशींच्या कॅन्सरचे, जे फोटो येतात ते बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. मेलॅनोमा आपल्या लोकांत दुर्मिळ आहे आणि होतो तेव्हा जास्त करून तळपायाला, तळहाताला, नखाखाली. तिथं नवीन काळा डाग किंवा नखात काळी पट्टी रुंद होत चालली असंल, कुठलाही तीळ वेडावाकडा होतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय असं दिसलं तर आठवड्याच्या आत दाखवा. हातावरचा फिकट सपाट चट्टा या गोष्टीत सहसा बसत नाही.

या तिन्ही नावांना घाबरण्यामागं नुसता आजार नसतो, हे पण बोललं पाहिजे. आपल्याकडं डाग म्हणजे स्थळाचा प्रश्न. पोरगी बघायला आले आणि हातावर पांढरं दिसलं तर नंतर “पत्रिका जुळत नाही” असा निरोप येतो, कारण कुणी सांगत नाही पण सगळ्यांना कळतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातनं काढायला २०१९ साल उजाडावं लागलं, यावरनं समजा. त्यामुळं घाबरणारा माणूस वेडा नसतो, त्यानं आजूबाजूला जे बघितलंय त्यावरनं तो घाबरतो. म्हणूनच तो स्किनच्या डॉक्टरच्या वेटिंगमध्ये बसायला लाजतो, कुणी ओळखीचं बघितलं तर काय, आणि माझ्याकडं येतो.

काउंटरवरच्या ट्यूबा

इथं जरा रागानं लिहितोय. डाग दिसला की लोक दुकानात येऊन ट्यूब मागतात, आणि काही दुकानदार देतात पण. त्या ट्यूबेत एकाच वेळी बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वरनं जोरदार स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब, माणूस खूश. स्टेरॉइडनं फक्त आग दाबलेली असते, बुरशीविरुद्ध लढणारी कातडीची ताकदपण दबते आणि बुरशी खालच्या खाली पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते. मग परत ट्यूब. महिन्या-दोन महिन्यांनी तो डाग असा काही विचित्र दिसायला लागतो की डॉक्टरलापण पहिल्या नजरेत ओळखायला येत नाही. कातडी पातळ होते, जांघेत पांढऱ्या रेषा पडतात, तोंडाला लावलं असंल तर मुरमं आणि लाली. २०१८ साली सरकारनं लावायची स्टेरॉइडं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची नाहीत म्हणून नियम घट्ट केला. आणि देशभरात हट्टी गजकर्णाची जी साथ पसरली आहे, जिच्या एका बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावच दिलं, टर्बिनाफिन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध तिच्यातल्या कित्येक प्रकारांना लागूच पडत नाही, ती पसरण्यात अशा ट्यूबांचा वाटा मोठा आहे असं त्वचेचे डॉक्टर सांगतात.

घरगुती उपाय पण बघून ठेवा. लसूण चोळल्यानं कातडी भाजते. लिंबू लावून उन्हात गेलात तर काळं पडतं. बावचीचं तेल लावून उन्हात बसा असं कुणीतरी सांगतं, बावचीत सोरॅलेन असतं, ते ऊन ओढतं, त्याच्यावर डॉक्टरच्या देखरेखीत उपचार होतात हे खरं, पण घरी अंदाजानं लावून फोड आलेले पेशंट याच शहरात निघतात.

डोक्यात काय चालतं

डाग दिसल्यावर पहिली भीती वाटणं एकदम नॉर्मल आहे. पुढं काय होतं ते समजून घ्या.

मेंदूला एकदा धोक्याचा वास आला की तो नजर तिथंच खिळवतो. कातडीतनं मेंदूला सतत काही ना काही निरोप जातच असतात, एरवी मेंदू त्यातलं बरंच गाळून टाकतो, पण तुम्ही लक्ष देऊन बसलात की तेच निरोप मोठ्यानं ऐकायला येतात. खाजेबद्दल वाचताना आत्ता तुम्हाला कुठंतरी खाजलं असंल, बघा. मग तुम्ही खाजवता, खाजवल्यावर लाल होतं, लाल झालं म्हणजे वाढलं. रोज चोळून चोळून तिथली कातडी जाड आणि काळी पण होते, म्हणजे काळजीनं खरंच डाग बदलतो, आणि मग पुरावाच मिळाला की!

यातला सगळ्यात वाईट प्रकार बधिरपणाचा आहे. माणूस घाबरला की श्वास भराभर घेतो, त्याला कळतपण नाही, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांना, हातापायांना मुंग्या येतात, सुन्न वाटतं. आता ज्याच्या डोक्यात महारोग बसलाय त्याला हात सुन्न वाटला तर त्याचं काय होत असंल? तो टाचणी घेऊन बसतो. टोचून बघतो, मग दुसऱ्या हाताला टोचून बघतो, मग “इथं जरा कमीच कळलं” असं वाटतं, परत टोचतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते हेच. स्पर्श तपासायची डॉक्टरांची पद्धत ठरलेली असते, पेशंटला डोळे मिटायला लावून कापसाच्या टोकानं किंवा नायलॉनच्या बारीक धाग्यानं, आणि सोबत कोपराजवळच्या, गुडघ्याजवळच्या नसा जाड झाल्यात का ते चाचपून. स्वतःच्या हातावर स्वतः घाबरलेल्या अवस्थेत केलेल्या तपासणीला काही अर्थ नसतो.

एक रिक्षावाले यायचे, त्यांनी डागाभोवती बॉलपेननं गोल काढलेला. सकाळी अंघोळीनंतर पुसट व्हायचा, परत गिरवायचे. माझ्यासमोर हात टेकवून म्हणाले, “हे बघा, वाढलाय का नाही?” मी चष्मा लावून बघितलं तर डाग तिथंच होता, वाढलेला होता गोल. रोज पुसट रेषेच्या बाहेरनं नवी रेष काढायचे म्हणजे पेनाच्या जाडीएवढा तो रोज सरकत होता. तीच गोष्ट मोबाइलच्या फोटोंची, ट्यूबलाइटखाली काढलेला आणि दुपारी खिडकीत काढलेला फोटो एकाच डागाचे असले तरी दोन डाग वाटतात, मोबाइल स्वतःच रंग बदलतो, वरनं तुम्ही एकदा वीतभर लांबनं काढता, एकदा बोटभर. गॅलरीत तसले फोटो साठवून रात्री एक वाजता झूम करून तुलना करण्यातनं आजवर कुणाला निदान सापडलेलं मी तरी बघितलेलं नाही.

आणि सर्च. मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८ साली लोकांच्या आरोग्यविषयक सर्चचा अभ्यास केला, त्यात हेच दिसलं की माणूस साध्या लक्षणापासनं सुरुवात करतो आणि बघता बघता गंभीर, दुर्मिळ आजाराच्या पानावर जाऊन पोचतो. कारण साध्या शिबांवर कोण लांबलचक लिहिणार? दुर्मिळ आजारांवर भरपूर पानं असतात आणि त्यावरचे फोटो सगळ्यात वाढलेल्या अवस्थेतले असतात. आजार किती भयंकर आहे हे पान सांगतं, तो तुम्हाला असायची शक्यता किती हे सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा. माणूस बायकोला विचारतो, “वाढलाय काय गं?” ती म्हणते नाही. हलकं वाटतं, तासभर. मग वाटतं हिनं नीट बघितलंच नाही. मग मेव्हणीला दाखवतो, ती नर्स आहे. मग मला. मग एका डॉक्टरला, मग “त्यांनी दोनच मिनिटं बघितलं” म्हणून दुसऱ्याला. दर वेळी उत्तर चांगलंच येतं, आणि दर वेळी सुटकेचा काळ आधीपेक्षा कमी टिकतो. राखणीचं कुत्रं रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतं, आणि प्रत्येक भुंकण्याला तुम्ही उठून काठी घेऊन दारात गेलात तर ते शिकतं की आपलं बरोबर चाललंय, अजून जोरात भुंकायला पाहिजे. मेंदू तेच शिकतो. तपासलं, बरं वाटलं, म्हणजे तपासल्यामुळंच वाचलो, असा हिशोब तो मांडतो, आणि पुढच्या वेळी तपासल्याशिवाय त्याला चैनच पडत नाही.

मग करायचं काय

एकदा, फक्त एकदा, नीट दाखवा. त्वचारोगातच एमडी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर बघा, दारावर नुसती ‘स्किन अँड हेअर’ अशी पाटी असून चालत नाही. खिशाला परवडत नसंल तर सीपीआर आहे, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, तिथं त्वचारोगाची ओपीडी असते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, लाजू नका, लपवलंत तर निदान चुकतं. डॉक्टर कदाचित अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प म्हणून जांभळा दिवा धरतील, कोडाचा डाग त्यात लख्ख पांढरा चमकतो. किंवा कातडीचा कोंडा खरवडून काचेवर घेऊन बुरशी बघतील, दुखत नाही. फारच शंका असली तर बारीक तुकडा काढून बायोप्सी.

तिथनं उठायच्या आधी दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. याचं नाव काय, आणि परत कधी दाखवू, त्याआधी काय झालं तर यायचं. दुसरा प्रश्न फार कामाचा. एकदा तारीख मिळाली की डागावर लक्ष ठेवायचं काम त्या तारखेचं झालं, तुमचं नाही.

तारखेच्या आधी पळत जायच्या गोष्टी थोड्या आहेत: पुरळाबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, नवीन गोळी सुरू केल्यावर अंगभर चट्टे, बधिर डागासोबत हातापायाची ताकद कमी होणं, महिना होऊन गेला तरी न भरणारी जखम.

आणि आता धिंगाण्याचं. एकदम बघणं बंद करा म्हटलं तर होत नाही, कुणालाच होत नाही. कमी करत आणायचं. दिवसात पन्नासदा बघत असाल तर आधी पाचदा, मग एकदा, मग रविवारी एकदा, दिवसाच्या उजेडात, फोटो न काढता. मधेच बघायची हुक्की आली तर लगेच बघू नका, वीस मिनिटं पुढं ढकला. ती हुक्की लाटेसारखी चढते आणि तुम्ही काहीच केलं नाही तरी उतरते, हे दोन-चारदा स्वतः अनुभवलं की विश्वास बसतो. काळजीला रोज ठरावीक वेळ द्या, संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं, वही घेऊन बसा आणि जे वाईटात वाईट वाटतंय ते लिहून काढा, आणि त्याच्यासमोर डॉक्टरनी काय सांगितलं ते. दुपारी विचार आला तर त्याला सातची अपॉइंटमेंट. ऐकायला खुळ्यासारखं वाटतं, पण चालतं. आणि डाग झाकायला भर मे महिन्यात फुल शर्ट घालून फिरू नका, रंकाळ्यावर चक्कर मारायची ती हाफ शर्टातच मारा. लपवणं पण तपासण्याचाच भाऊ आहे, दोन्हीनं मेंदूला एकच निरोप जातो की इथं धोका आहे.

एवढं करून पण भुंगा सुटत नसंल तर त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. गंभीर आजाराची भीती, सतत तपासणं किंवा डॉक्टरलाच टाळणं, आणि हे सहा महिने किंवा जास्त चाललं, तर २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत त्याला आजारचिंतेचा विकार म्हटलंय. सहा महिने वाट बघायची असा याचा अर्थ नाही, कामावर लक्ष लागत नाही, जेवण जात नाही, जगण्यात राम वाटत नाही असं झालं तर आजच. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, सीबीटी, ही यावरची चांगली तपासलेली पद्धत आहे, वर सांगितलेल्या गोष्टी तिच्यातल्याच. इंग्लंडमध्ये पीटर टायरर यांच्या टीमनं दवाखान्यात येणाऱ्या आणि आजाराच्या काळजीनं ग्रासलेल्या पेशंटवर तिचा मोठा अभ्यास केला, २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, थोड्याच बैठकांचा फायदा दोन वर्षांनीपण टिकलेला होता, आणि त्या बैठका घेणाऱ्यांत ट्रेनिंग दिलेल्या नर्सपण होत्या. गरज पडली तर गोळ्यापण असतात, त्यानं झोप लागते, भीतीची धार कमी होते. मानसोपचारवाल्यांकडं गेलो म्हणजे वेड लागलं असं नाही, हे आता आपल्या पेठांमध्ये पण कळायला लागलंय, हळूहळू. थेट जायला जमत नसंल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारनं सुरू केलेला, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

घरच्यांचं काम सगळ्यात अवघड. “काय नाही झालेलं, उगंच डोकं नको खाऊ” म्हटलं तर तो गप्प बसतो आणि बाथरूममध्ये जाऊन बघतो. दर वेळी प्रेमानं बघून “नाही वाढला” म्हटलं तरी वर सांगितलं तसं, तासाभरात परत हजर. मधला रस्ता असा, भीतीला उत्तर द्या, डागाला नको. “परत घोर लागला का? १५ तारखेला डॉक्टरकडं जायचंच आहे, त्यांना दाखवू. चल, दूध आणायला जाऊ.” दोघांनी आधी बसून हे ठरवून ठेवलं असंल तर चिडचिड होत नाही, नाहीतर तो म्हणणार माझ्याकडं कुणी लक्षच देत नाही. पहिले काही दिवस तो जास्तच विचारेल, ते धरूनच चला. आणि घरात बारकी पोरं असतील तर त्यांच्यासमोर हे बघणं-दाखवणं अजिबात नको, ती लगेच आपापले गुडघे पुढं करून येतात, “पप्पा, माझापण वाढलाय काय बघा.”